दाढ तोंडात, मी गाडीत

दाढ बधिर करायचं इंजेक्शन घेऊन, ती काढायच्या आधीच, मी दवाखान्यातून उठलो आणि गाडीत जाऊन बसलो.

बरोबर म्हातारी आई होती, तिसरीतली मुलगी होती. दोघींना मीच हाताला धरून स्टेशनपर्यंत पळवत नेलं. गाडी मिळाली म्हणून वर खूषही झालो. दाढ निघाली की नाही एवढं माणसाला कळत नाही का, असं तुम्ही म्हणाल. त्या दिवसापर्यंत मीही तसंच म्हटलं असतं.

कॅसलरॉक स्टेशनच्या खालच्या अंगाला माझं किराणा दुकान आहे. आमच्याकडे दातांचा डॉक्टर नाही. आमच्याकडे बरंच काही नाही, पण दाढ ठणकायला लागली की बाकीचं काय काय नाही ते आठवतसुद्धा नाही. जवळचा दवाखाना लोंढ्यात. तिथे बेळगावहून एक डॉक्टरीणबाई येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळच्या गाडीने जायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. दुपारची चुकली तर रामनगरपर्यंत बस, आणि तिथून पुढे जंगलातल्या रस्त्याने कुणाची जीप येते का, ते बघत तिठ्यावर उभं राहायचं. त्यामुळे आमच्या गावचा माणूस लोंढ्यात काहीही करत असला, लग्नात जेवत असला तरी, त्याचं अर्धं लक्ष दुपारच्या गाडीकडे असतं. माझं तर दाताच्या खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो तेव्हाही होतं. सगळा घोळ तिथेच झाला.

दुखणं घरात तिघांना होतं. आईचे खालचे दोन दात इतके हलत होते की तिने जोरात हाक मारली की ते आधी पुढे यायचे आणि हाक मागून. मुलीचं उलटं. वरचा पुढचा एक दुधाचा दात हलायचं नाव घेत नव्हता, आणि त्याच्या मागून, टाळूच्या बाजूने, नवा दात डोकवायला लागला होता. आणि माझी खालची शेवटची दाढ. ती अक्कलदाढ आहे हे कळल्यावर आईने जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते इथे लिहीत नाही, तुम्हालाही सुचलं असेल.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिघांची तोंडं बघितली. बेळगावच्या, वयाने लहान, बोलणं मोकळं, लहान मुलीला कानडीत पुट्टी म्हणणाऱ्या. म्हणाल्या, "आज्जींचे दात हिरडीनेच सोडलेत, मी फक्त उचलून घेणार. पुट्टीचा दुधाचा दात नव्याला वाट देत नाही, तेवढा काढला की नवा आपोआप पुढे सरकेल. आणि तुमची दाढ आडवी पडलीय. तिला जागा नाही आणि काम पण नाही. ती मात्र ओढायला लागणार."

'ओढायला' हा शब्द मला आवडला नाही. पण मी विचारलं ते मुलीचं. "नाही काढला तर?"

"तर नवा मागेच वाकडा येणार. मग तारा लावायच्या, आणि तारांचं काम इथे होत नाही. दोन-अडीच वर्षं बेळगावच्या खेपा. आत्ता काढला तर एका मिनिटाचं काम. उशीर करू नका."

दोन वर्षं बेळगावच्या खेपा, म्हणजे दोन वर्षं दुकानाला कुलूप आणि पोरीच्या शाळेचे खाडे. एका मिनिटाच्या कामासाठी. मी म्हटलं, आत्ताच काढा.

पोरीने तोंड घट्ट मिटलं. डॉक्टरीणबाईंनी गोडीने सांगितलं, मी आईस्क्रीम कबूल केलं, आईने देवाचं नाव घेतलं. शेवटी ती ओठ न उघडताच बोलल्यासारखं बोलली. "आधी पप्पांची. मग माझी."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पोर बापाकडे बघून पाऊल टाकते, असं काहीतरी मनात आलं आणि छाती भरून आली. डॉक्टरीणबाईंकडे बघून मी हसलोसुद्धा. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, तेव्हा येत्या मंगळवारचं ठरलं.

शुक्रवारीच का नाही, तर आई. "पोर शुक्रवारची हाय. जन्मवारी केस कापत न्हाईत, नखं काढत न्हाईत, आन् तू दात काढतोस व्हय?"

"मंगळवारी चालतं?"

"चालतंय असं कुठं म्हटलं मी? दुसरा वार न्हाई म्हणून चालवून घ्यायचं."

म्हणजे आठवड्याला दोनदा येणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्यापुरत्या एकदाच येणार.

मंगळवारी आईपासून सुरुवात झाली. हिरडीला औषध लावून डॉक्टरीणबाई शेताची चौकशी करत होत्या. लावणी झाली का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला आईने तोंड उघडलं आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत दोन्ही दात ताटलीत. आईला कापूस चावायला देऊन बाहेर बाकड्यावर बसवलं. हे लक्षात ठेवा, कारण मी हेच लक्षात ठेवलं होतं.

मग मी. मुलीला आत यायचं होतं. इंजेक्शनची सुई बघून पोर घाबरेल म्हणून मीच तिला बाहेर थांबवलं. सुई मीही बघितली नाही. खुर्चीत टेकलो तेव्हा मिटलेले डोळे मी खुर्चीतून उतरल्यावरच उघडले. सुई टोचली ते कळलं. मग गाल जड झाला, जीभ जड झाली. डॉक्टरीणबाईंनी कशानेतरी दाबून बघितलं, म्हणाल्या, "लागतंय?" मी नाही म्हणून मान हलवली. आणखी जोरात दाबलं. नाही लागलं. ताटलीत काहीतरी टण्णकन पडलं. सिस्टरने कापूस दिला, चावून धरा म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेर बसा जरा, बोलावते."

आता सांगा. ताटलीत आवाज झाला, तोंडात कापूस आला, बाहेर बसा म्हणून सांगितलं. आईचं जसं झालं तसंच सगळं. कुठलाही शहाणा माणूस काय समजेल? तो आवाज आरशाच्या काडीचा होता आणि कापूस सुईच्या जागी रक्त आलं म्हणून होता, हे मला कोण सांगणार? बोलावते म्हणाल्या ते रक्त थांबलं का बघायला, असं मी धरून चाललो.

बाहेर येऊन मी मुलीला अंगठा दाखवला. जीभ लाकडाची झाली होती, तरी सांगितलं, "झाली. कळलंसुद्धा नाही."

"एवढ्यात?" आई म्हणाली.

"आ करा, बघू," मुलगी म्हणाली.

"कापूस पडेल."

ती उठून उभी राहिली. "मग मी जाते आता."

इथे, म्हणजे पोर आपल्या पायांनी खुर्चीकडे निघालेली असताना, मी घड्याळ बघितलं. आत दुसरा पेशंट गेला होता, यंत्राचा आवाज चालू होता. गाडीची वेळ होत आली होती. पावसाळ्याचे दिवस, आई बरोबर, रामनगरच्या तिठ्यावर भिजत उभं राहायचं डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "तुझी पुढच्या मंगळवारी. चला, गाडी चुकेल."

"पण मी आज बसते की."

"पुढच्या मंगळवारी बस."

मिनिटाचं काम होतं, आणि पोर तयार होती. मी तिचा हात धरून तिला ओढत स्टेशनवर नेलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

गाडीत बसल्यावर आईने स्टेशनवर घेतलेली भजी उघडली. कापूस खिडकीतून टाकला आणि मीही एक तोंडात घातलं. चिवट लागलं म्हणून जोर लावून चावलं. ते भजं नव्हतं. बधिर गाल स्वतःचा आहे की बेसनाचा, हे दातांना समजत नाही.

तिनईघाटच्या अलीकडे फोन वाजला. कानाला लावला तर गालाला काही कळेना, म्हणून स्पीकरवर टाकला. दवाखान्यातून डॉक्टरीणबाई. "अहो, कुठे आहात? खुर्ची तयार आहे."

"गाडीत," मी म्हटलं. म्हणजे तसं म्हणायचं होतं. बाहेर काय पडलं ते माहीत नाही.

"कुठल्या गाडीत? तुमची दाढ काढायची राहिलीय."

अख्ख्या डब्याने मान वळवली. समोरच्या बाकड्यावर एक जोडपं होतं, त्यातली बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "इंजेक्शन उतरायच्या आत या," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रेंज गेली. गाडी घाटाकडे चालली होती. उतरून रुळांवरून चालत जायचं का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, यावरून मी किती भानावर होतो ते कळेल.

मुलीने माझा जबडा खाली ओढला, मान वाकडी करून आत बघितलं आणि सांगितलं, "हाय. तिथंच हाय." मग खिडकीकडे तोंड करून बसली.

आईला मात्र फोनवरचं सगळं नीट कळलं होतं. "आमच्यात दात काढायला जाऊन दात घेऊन घरला आलेला तूच पहिला."

तिथून पुढे माझे मंगळवार सुरू झाले.

पुढच्या मंगळवारी गेलो तर चावलेला गाल आतून पिकला होता आणि दाढेभोवतीची हिरडी सुजली होती. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरल्याशिवाय हात लावता येत नाही, गोळ्या घ्या. मी म्हटलं, निदान हिचा तरी काढा. मुलीने मान हलवली. "आधी पप्पांची." मी समजावलं, रागावलो, मग बाहेर नेऊन विनवण्या केल्या. गेल्या वेळी तयार होतीस ना, म्हटलं. "गेल्या वेळी तुमची झाली म्हणून तयार हुते," ती म्हणाली.

दोन वेळच्या गाडीचा प्रवास, अख्ख्या दिवसाचं बंद दुकान, आणि हातात गोळ्यांची पुडी.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सूज उतरली होती. तोंड उघडत होतं. स्टेशनवर जाऊन बसलो तर गाडीच येईना. घाटात रुळावर झाड आडवं पडलेलं. येईल, येईल म्हणत आम्ही फलाटावर दुपारपर्यंत बसलो. आईने कवळीच्या मापासाठी म्हणून नवं लुगडं नेसलं होतं, ते तिने घरी जाऊन पुन्हा घडी घालून ठेवलं. मी म्हटलं, शुक्रवारी जाऊ, एक वेळ जन्मवार राहू दे बाजूला. आई म्हणाली, "बाजूला ठेव की. तुझी पोर हाय. काय झालं तर माझ्या नावानं वरडू नको." असं बोलल्यावर जाणारा बाप अजून जन्माला यायचाय.

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी अमावस्या.

मी आईशी भांडलो. विज्ञानाचं एक भाषणच दिलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "दाढ काढली न्हाई हे ज्याला कळत न्हाई, त्यानं मला शिकवू नये." त्या महिन्यात माझ्या प्रत्येक बोलण्याला घरात हेच उत्तर होतं. दुकानात साखर कमी भरली असं वाटलं तरी गिऱ्हाईक म्हणायचं, शेट, बघा हं, राहिली असेल. गाडीतलं ते जोडपं कुंभारवाड्याकडचं होतं, त्यामुळे बातमी माझ्याही आधी जंगलातल्या वाड्यांपर्यंत पोचली होती. मीठ घ्यायला आलेली माणसं मीठ घेऊन झाल्यावरही थांबायची.

त्यात मुलीने नवं सुरू केलं. शाळेतून आली की दुकानातल्या विक्रीच्या बॅटऱ्यांमधली एक उचलायची आणि म्हणायची, "आ करा." मी आ करायचो. ती बघायची, "हाय," म्हणायची आणि बॅटरी परत फळीवर ठेवायची. मग आरशासमोर उभी राहून स्वतःचं तोंड बघायची. ते मात्र मला बघवत नसे. नवा दात रोज थोडा खाली येत होता, आणि येत होता तो मागेच. जिभेला लागायचा. जेवताना ती घास एका बाजूला करून चावायला लागली. एकदा मी तिच्या नकळत बघितलं, तर ती बोटाने त्या नव्या दाताला मागून पुढे ढकलत होती. हाताने दार उघडावं तशी.

तेव्हा मी दुकानाच्या मागे जाऊन दाढेला शिव्या घातल्या. आडवी पडलेली, कामाची ना धामाची, आणि हिच्यापायी पोरीचा दात वाकडा व्हायचा. रेल्वेला घातल्या, अमावस्येला घातल्या. आणि सगळ्यांत जास्त त्या माणसाला, जो पोर खुर्चीकडे चालत निघालेली असताना घड्याळ बघतो.

एका संध्याकाळी तर मी खोटं बोलायचंही ठरवलं होतं. एकटाच जाऊन येतो, काढली म्हणून सांगतो, कापूस धरून दोन दिवस तोंड उघडत नाही. पण बॅटरी आठवली आणि बेत सोडला.

शेवटी एक मंगळवार असा आला की गाडी होती, डॉक्टरीणबाई होत्या, सूज नव्हती आणि पंचांगात काही निघालं नाही. खात्रीसाठी मी स्वतःच पंचांग बघितलं. आईसमोर विज्ञान सांगणारा मीच तो.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज सिस्टर दारात उभी राहील." सिस्टर खरंच उभी राहिली.

या वेळी मुलगी आत होती. बाहेर जायला तिने साफ नकार दिला. माझ्या पायांशी उभी राहिली, डोळे माझ्या तोंडावर. मी ठरवलं होतं, पोर बघतेय, हूं की चूं करायचं नाही. ताठ बसायचं. तिला धीर द्यायचा तर आपल्या तोंडावर धीर दिसला पाहिजे.

सुई गालापासून वीतभर लांब होती तेव्हाच मी ओरडलो.

त्यानंतरचं जेवढं आठवतं तेवढं सांगतो. दाढ आडवी असल्यामुळे अख्खी निघेना. तिचे दोन तुकडे करावे लागले. दुखत नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण आवाज. आपल्याच डोक्यात कुणी सुताराला बसवल्यासारखा. मी डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवलं. मी पुन्हा धरलं. सिस्टर दार सोडून माझे हात धरायला आली. मध्येच मी हात वर करून थांबवलं आणि पाणी मागितलं, मग लघवीला जायचं म्हटलं, मग पुढच्या मंगळवारी काढली तर चालेल का असं विचारलं. बाहेरच्या बाकड्यावर बसलेली दोन माणसं उठून निघून गेली असं नंतर आईने सांगितलं. तिला मापासाठी थांबायचं होतं म्हणून ती थांबली, नाहीतर तीही गेली असती म्हणे.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी डोळे मिटूनच होतो. मान हलवून म्हटलं, दाखवा. त्यांनी ताटली पुढे केली. दोन तुकडे, रक्ताने माखलेले. मी ताटली मुलीकडे वळवली. तिने वाकून तुकडे बघितले. मग माझा जबडा ओढून आतही बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "गेली."

मी खुर्चीतून उतरलो. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. हे असं सगळं बघितल्यावर पोर आता जन्मात त्या खुर्चीत बसायची नाही, हे मला दिसतच होतं. एवढ्या मंगळवारांचं, एवढ्या खेपांचं मातेरं. तारा, बेळगाव, दोन वर्षं. काय तोंडाने तिला सांगू की बस म्हणून? सांगायला तोंडही जागेवर नव्हतं.

मी वळून बघतो तर ती खुर्चीत बसलेली. चप्पल खाली काढून ठेवलेली, दोन्ही हात मांडीवर, तोंड आधीच उघडलेलं.

डॉक्टरीणबाईंनी हिरडीला औषध लावलं, बारीक सुई दिली. मुलीने डोळे मिटले नाहीत. वर छताच्या पंख्याकडे बघत राहिली. चिमटा आत गेला, मनगट जरासं वळलं, आणि तांदळाच्या दाण्याएवढा दात बाहेर. मिनिटसुद्धा लागलं नसेल. तिने हूं केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आरशाने नवा दात बघितला, बोटाने चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जागा मिळालीय. येईल पुढे. अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेचं होतं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टरीणबाई तिच्या हनुवटीवरचे डाग पुसत म्हणाल्या, "पुट्टी, तू तर अजिबात भीत नाहीस. मग इतके दिवस पप्पांसाठी का थांबलीस?"

मी ताठ झालो. गाल बधिर होता, तरी हसायचा प्रयत्न केला.

मुलीने कापूस जिभेने एका बाजूला सारला.

"आमच्या घरात सगळ्यांत भित्रे पप्पाच हायत," ती म्हणाली. "ते वाचले तर कुणीबी वाचतंय."